मालक खाली आला पाहिजे

चावीबाईच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याची तिला खंतही नव्हती. गाडीची चावी हरवलेला माणूस आधीच रडकुंडीला आलेला असतो, त्याच्याशी जरा गोडीगुलाबीनं बोलावं, असं गॅरेजवाल्यांनी तिला कितीदा तरी सुचवून पाहिलं. ती म्हणायची, "मी काय त्याची चावी हरवायला गेले होते?" आणि मग त्याच माणसाच्या गाडीशेजारी भर उन्हात गुडघे टेकून बसायची, दार उघडायची, स्टिअरिंगखाली डोकं घालून आपलं यंत्र जोडायची आणि गाडीला नवी चावी ओळखायला लावूनच उठायची. तिचं बोलणं लोक विसरून जात. काम मात्र लक्षात ठेवत, म्हणून फोन वाजत राहायचा.

ज्या गाड्यांना किल्ली फिरवावी लागत नाही, नुसतं बटण दाबलं की इंजिन सुरू होतं, त्या गाड्यांच्या रिमोटच्या चाव्या हा तिचा धंदा. दिसायला एवढीशी डबी, खिशात पडून असते. गाडी तिला लांबूनच ओळखते आणि दार उघडते. ती हरवली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. मालकानं समोर उभं राहून शपथा घेतल्या तरी ती ओळख दाखवत नाही. मग कोरी चावी आणायची आणि गाडीच्या कंप्युटरला समजावायचं, बाई गं, आजपासून हिला ओळख. हरवलेल्या जुन्या चाव्या त्याच वेळी पुसून टाकायच्या, म्हणजे उद्या त्या कोणाला सापडल्या तरी गाडी त्यांना दाद देत नाही.

हे पुसण्याचं काम चावीबाईला फार आवडायचं. यंत्राच्या पडद्यावर 'सगळ्या चाव्या पुसायच्या का?' असा प्रश्न आला की ती 'हो'वर बोट असं काही दाबायची, जणू कोणाच्या तरी डोळ्यात घालतेय. कोणाच्या, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सख्ख्या धाकट्या भावाच्या.

आणि तिचा एक नियम होता. गाडी ज्याच्या नावावर, तो माणूस समोर असल्याशिवाय ती दाराला हात लावत नसे, आणि झालेली चावी त्याच्याच हातात देत असे. नवरा म्हणाला बायकोची गाडी आहे, तर बायकोला बोलवा. मुलगा म्हणाला आईची आहे, तर आईला घेऊन ये. धंद्यातले बाकीचे लोक कागद बघून कानाडोळा करत, ही करत नसे. एकदा एका बड्या असामीचा ड्रायव्हर आला होता. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाला. "मग मीटिंग संपेपर्यंत गाडीला पण आराम पडू दे," असं म्हणून ही स्कूटरला किक मारून चालती झाली.

हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. तो तिच्या अंगावर चरे पडून आलेला होता.

तिचा बाप कुलूपवाला. जिन्याखालचं दुकान म्हणजे एक फळी, एक शेगडीएवढं मशीन आणि भिंतभर किल्ल्यांचे झुबके. दोन्ही पोरं त्या फळीमागंच वाढली. पोरीच्या हातात कानस आली ती अक्षरं गिरवायच्या वयात, आणि तिचा हात बसला. धाकट्याचा कधी बसला नाही. तो घाईचा. किल्ली घासता घासता त्याचं लक्ष रस्त्यावर, मित्रांकडं, पत्त्यांच्या डावाकडं. बाप त्याला चार शिव्या घालायचा आणि पाचवी घालायच्या आत त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. पोरीला शिव्याही नव्हत्या आणि हातही नव्हता. तिचं काम बरोबर असायचं, मग बोलायचं काय?

मग ते प्रकरण झालं. गल्लीच्या टोकाला एक शिंपीणबाई एकटीच राहायची. ती घराची किल्ली दुसरी करून घ्यायला आली तेव्हा फळीवर धाकटा होता. त्यानं एकीच्या जागी दोन बनवल्या. एक तिला दिली आणि एक डाव खेळणाऱ्या मित्रांना. बाई शिवलेले कपडे पोचवायला गेली असताना तिचं घर धुऊन नेलं. कुलूप फोडलेलं नाही, दार उचकटलेलं नाही, किल्ली तशीच कुलपात अडकून राहिलेली. पोलिसांनी ती किल्ली आणून बापाच्या पुढ्यात टाकली. धाकट्याची पाचावर धारण बसली आणि तो म्हणाला, "मी फक्त बाईंकडून किल्ली घेतली. जास्तीची बनवली ताईनं. तिचं लग्न ठरलंय ना, तिच्या सासरच्या माणसांना पैशांची नड आहे."

धडधडीत खोटं. पण बापानं ती किल्ली उचलून उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "पोरीनं केलं असेल. मी भरून देतो. पुढं नका नेऊ."

पुढं नेलं नाही कोणी. फक्त पोरीला घराबाहेर नेलं. ठरलेलं लग्न मोडलं, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आणि बाप म्हणाला, "तुझा पाय दुकानाला लागता कामा नये." तिनं आकांत केला, हातापाया पडली. फळीमागं धाकटा नखं खात उभा होता. तिला सगळ्यात जास्त आठवायची ती त्याची नखं.

आणि गंमत बघा, तिला घरात घेतलं कोणी, तर जिचं घर लुटलं गेलं त्या शिंपीणबाईनं. "मी किल्ली त्या पोराच्या हातात दिली होती गं, तुझ्या नाही. एवढं न कळायला मी काय दूधखुळी आहे?" असं म्हणत तिनं खिडकीतलं शिलाई मशीन थोडं सरकवलं आणि शेजारी किल्ल्यांच्या मशीनपुरती जागा केली. त्या एका खिडकीत दोघींचा संसार उभा राहिला. इकडं सुई टकटकायची, तिकडं पितळ किंचाळायचं. पुढं किल्ल्यांचे दिवस सरत आले तशी ती गाड्यांच्या चाव्यांकडं वळली. भंगारातून चेपलेल्या गाड्यांचे कंप्युटर आणून पलंगाखाली मांडले, त्यांच्यावर हात साफ केला, चुका करून चांगले तीन-चार जाळले. शिंपीणबाई नाक दाबून म्हणायची, "घर जाळशील हं एक दिवस." मग दोघी हसायच्या. म्हणजे सुखाचे दिवस नव्हतेच असं नाही.

पण राग मुरत गेला. बापावर नाही. बाप तर तिच्या लेखी फसवला गेला होता. साधा माणूस, पोरानं गळा काढला, त्यानं विश्वास ठेवला. एक ना एक दिवस धाकट्याला बापासमोर उभा करायचा, त्याच्या तोंडून सगळं ओकून घ्यायचं, आणि बापाचा चेहरा बघायचा, एवढंच तिनं ठरवून ठेवलं होतं. फोन केले तर धाकटाच उचलायचा. "बाबांना तुझं नाव काढलेलं चालत नाही." एकदा ती जुन्या गल्लीत गेली तर जिन्याखाली मोबाईलची कव्हरं लटकत होती. दुकान विकलं होतं, घर सोडलं होतं. कुठं गेले ते कोणाला माहीत नव्हतं, किंवा तिला सांगायचं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एका इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन आला. माणूस ओरडतच होता. "बाई, लवकर या हो! एका गाढवानं गाडी रॅम्पवर आडवी घातलीय. तळघरातल्या सगळ्या गाड्या कोंडल्यात. कोणाला कामावर जाता येईना, कोणाची पोरं शाळेची राहिलीत!"

"चावी कुठं गेली?"

"लिफ्टच्या खड्ड्यात!"

झालं होतं असं. गाढव गाडी काढून निघालं होतं. रॅम्पच्या मध्यात आठवलं की मोबाईल वर राहिला. तिथंच गाडी बंद केली, लिफ्टनं वर गेलं, खाली आलं, आणि लिफ्टमधून बाहेर पडताना चावी बोटांतून निसटली. दाराच्या फटीतून सरळ खाली खड्ड्यात, आणि खड्ड्यात झिरपलेलं पाणी. वॉचमन काठीनं ढवळत बसला होता. लिफ्ट बंद करून ठेवली होती, लिफ्टवाले दुपारशिवाय येणार नव्हते. दुसरी चावी? ती पँटच्या खिशातून कपड्यांच्या मशीनमध्ये धुऊन निघाली होती केव्हाच. नवी करायचा आळस. चावीशिवाय गिअर हलेना, चाकं सुटेनात, आणि गाडी उचलणारा ट्रक छत बुटकं म्हणून आत शिरेना.

चावीबाई पोचली तेव्हा रॅम्पवर जत्रा भरली होती. हॉर्न वाजत होते. एक बाई गणवेशातल्या मुलीला बखोटीला धरून उभी होती, एक म्हातारे गृहस्थ छत्री आपटत होते, आणि सेक्रेटरी एका जाड्या माणसाला सगळ्यांदेखत झाडत होता. जाड्याची पाठ होती. पोट सुटलेलं, मान खाली, आणि नखं खात होता.

चावीबाईनं स्कूटर स्टँडला लावली आणि तशीच उभी राहिली. हेल्मेट काढायचं भानच राहिलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं हा प्रसंग कितीदा मनात घडवला होता! कधी तो तिच्या खिडकीशी येऊन रडतो, कधी ती त्याला पोलिसांच्या गाडीतून जाताना बघते. पण असा! आयता, चारी बाजूंनी कोंडलेला, वर शिव्या खाणारा. देवानं ताटात वाढून पाठवला की काय! तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानंच तो वळला.

"ताई?" त्याचा आवाज चिरकला.

"तुम्ही ओळखता यांना?" सेक्रेटरी म्हणाला.

"ओळखते की! हे माझे बंधुराज." मग धंद्याच्या आवाजात, "गाडी कोणाच्या नावावर?"

धाकटा काहीतरी पुटपुटला. सेक्रेटरीनंच सांगितलं, "यांच्या वडिलांच्या. दुकान विकून घेतली, म्हातारा हट्टी, माझ्याच नावावर हवी म्हणाला. चौथ्या मजल्यावर असतात."

चौथ्या मजल्यावर. बाप जिवंत होता, डोक्यावर चार छपरं सोडून बसलेला होता. तिनं हेल्मेट काढलं, केस सारखे केले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मालक खाली आला पाहिजे. माझा नियम आहे."

"अगं, लिफ्ट बंद आहे," धाकटा कळवळला. "त्यांचे गुडघे गेलेत. त्यांना जिना उतरवत नाही."

"मग उचलून आण. बाप आहे ना?"

"तूच वर चल ना. त्यांची सही घे."

"गाडीला सही कळत नाही. गाडी खाली आहे, मालकही खाली हवा. नसेल जमत तर मी निघते. दुसरी बरीच कामं पडलीत."

"निघते काय निघते!" छत्रीवाले गृहस्थ गरजले. "अरे, घेऊन ये की बापाला! लाज नाही वाटत?" शाळेच्या मुलीची आई म्हणाली, "आमच्या पोरीची परीक्षा बुडाली तर तुमच्या दारात आणून बसवीन तिला." मागून कोणीतरी जोरात हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला.

चावीबाईनं धाकट्याला दंडाला धरून भिंतीकडं नेलं. जवळ आल्यावर त्याच्या अंगाला तोच वास आला, लहानपणी एका पांघरुणात यायचा तो. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "नीट ऐक. बाबांना खाली आण. आणि त्यांच्यासमोर खरं सांग. शिंपीणबाईची जास्तीची किल्ली कोणी बनवली, कोणाला दिली, सगळं. तू सांगितलंस की चावी देते. नाही सांगितलंस तर बस इथंच या लोकांच्या शिव्या खात."

"ताई, ते म्हातारे झालेत गं. त्यांना धक्का बसेल."

"मला बसला तेव्हा मी तरुण होते, म्हणून चाललं का?"

त्यानं रॅम्पवरच्या लोकांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि जिना चढायला लागला. वॉचमनला हाक मारली तर तो म्हणाला, "साहेब, मला गेट सोडता येत नाही." खरं तर त्याला सगळं येत होतं. पण सकाळपासून लिफ्टचा खड्डा उपसून त्याचाही जीव आंबला होता.

बऱ्याच वेळानं जिन्यात धापा ऐकू आल्या. धाकट्यानं बापाला पाठुंगळी मारलं होतं. चेहरा लालबुंद, शर्ट भिजलेला, प्रत्येक पायरीवर थांबत होता. बाप त्याच्या मानेला विळखा घालून, "अरे सांभाळ, अरे पाडशील," असं ओरडत होता. लोक बाजूला झाले. कोणी हसलं नाही, चावीबाईसुद्धा हसली नाही, पण आतून तिला गार वाटलं. वाह रे पठ्ठ्या. घे, अजून थोडं घे.

बापानं तिला पाहिलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही. सुकला होता, दात गेले होते, पण डोळे तेच, बारीक करून कुलपात बघायचे तसे. "तू होय," एवढंच म्हणाला.

"मीच," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

दाराच्या हँडलवर एक प्लास्टिकची टोपी असते. ती काढली की आत खरंखुरं कुलूप निघतं, रिमोट मेला तर वेळेला उपयोगी पडावं म्हणून ठेवलेलं. तिनं त्यात दोन सळ्या घातल्या आणि मान तिरकी करून हाताला लागेल ते ऐकत राहिली. खट्ट. दार उघडलं. बापानं जिभेनं 'च्च' केलं. जुनी सवय, काम आवडलं की करायचा. तिच्या कामाला त्यानं ते कधी केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, काय करणार! तिनं बापाला शेजारच्या सीटवर बसवलं, आपण ड्रायव्हरच्या जागी बसली, यंत्र जोडलं आणि जुन्या चाव्या पुसायला घातल्या. आता वाट बघायची. गाडी लगेच नवी चावी घेत नाही. चोर असेल तर कंटाळून पळावा म्हणून मुद्दाम रेंगाळते. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली.

तिनं खिडकीतून धाकट्याकडं बघितलं. तो दाराशी येऊन वाकला. "बाबा," तो म्हणाला, आणि पुढं त्याला सुधरेना.

"बोल ना," चावीबाई म्हणाली. "आता का वाचा बसली?"

"बाबा, ती शिंपीणबाईची किल्ली... ताईनं नव्हती बनवली. मी बनवली होती. पत्त्यांच्या नादात त्या लोकांना दिली. घर साफ करतील असं वाटलं नव्हतं. पोलीस आले आणि मी घाबरलो. ताईचं नाव मी घेतलं." एका दमात बोलला आणि दाराला धरून हमसाहमशी रडायला लागला. एवढा मोठा गडी, अंगाचं पाणी पाणी झालेलं.

झालं. एवढ्यासाठी ती जगली होती. तिनं बापाकडं बघितलं. आता तो काय करतो? हात धरतो, डोकं धरून बसतो, की धाकट्याच्या कानाखाली काढतो?

बाप निळ्या पट्टीकडं बघत होता. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"किल्ली पोलिसांनी माझ्या पुढ्यात टाकली होती ना. कानस कोणाची ते मला कळणार नाही होय? कडा तशाच ठेवलेल्या, शेवटी कानस न फिरवलेली. याच्या हातची. तू मेलीस तरी अशी किल्ली बाहेर दिली नसतीस."

धाकट्याचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यालाही हे नवीन होतं.

"तेव्हाच कळलं?" चावीबाईचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "पोलीस समोर होते तेव्हा?"

"तेव्हाच."

"आणि तुम्ही माझं नाव घेतलंत?"

"मग काय करणार होतो?" बाप शांतपणे म्हणाला, जणू कुलूप कोणतं बसवायचं ते समजावतोय. "त्याला आत टाकला असता. एकदा आत गेलेला पोरगा बाहेर येऊन काय करणार? तू काय, आज ना उद्या लग्न होऊन जाणारच होतीस. आणि तुझ्या हातात कला होती. तुला कुठंही टाकली तरी पोट भरशील, हे मला ठाऊक होतं. हा बसला असता रस्त्यावर. बघ, भरलंस ना पोट? चांगली शिकलीस."

आणि वर हसला तो, कौतुकानं.

एवढी वर्षं चावीबाई या माणसाला वाचवत आली होती. रात्री झोप लागत नसे तेव्हा धाकट्याला शिव्या देताना याला मात्र बाजूला ठेवत होती, साधा म्हणून, भोळा म्हणून. तिच्या सगळ्या रागाचं तोंड चुकीच्या दाराकडं होतं. धाकटा घाबरला म्हणून खोटं बोलला. हा घाबरलाही नव्हता. यानं तोलून मापून ठरवलं होतं, कोणाला टाकायचं ते. आणि टाकायची का, तर तिचं काम चांगलं म्हणून!

"बाबा," ती म्हणाली, "शिंपीणबाई अजून आहेत. मी त्यांच्याकडंच राहते. माझ्याबरोबर चला आणि हे त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. नाहीतर इथंच, या लोकांसमोर सांगा. एकदाच. मोठ्यानं."

"आता काय उकरून काढायचं ते? घरातली गोष्ट आहे. तू कर तुझं काम, मला वारा लागतोय इथं."

यंत्र टिणटिणलं. गाडीनं नवी चावी घेतली होती.

चावीबाईनं बटण दाबलं, इंजिन सुरू झालं आणि रॅम्पवर टाळ्या पडल्या. तिनं गाडी वर काढली, गेटाच्या आत कुंपणाच्या भिंतीला नीट सरळ लावली. मागून कोंडलेल्या गाड्या एकेक करत सुटल्या. मुलीच्या आईनं खिडकीतून हात हलवला, छत्रीवाल्यांनी मान डोलावली. त्यांच्याशी तिचं काही वाकडं नव्हतं, त्यांनी का अडकून पडावं? शेवटची गाडी जाईपर्यंत ती बापाशेजारी बसून राहिली. मग इंजिन बंद केलं. यंत्र अजून जोडलेलंच होतं. पडद्यावर तिनं पुन्हा तो प्रश्न आणला. सगळ्या चाव्या पुसायच्या का?

हो.

तिनं यंत्र काढलं, वायर गुंडाळली, सगळं बॅगेत भरलं. गाडीतून उतरली, वळसा घालून बापाच्या दाराशी आली आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवली. "घ्या. मालकाच्या हातात दिली."

बापानं हौसेनं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. डोळे बारीक करून चावी उलटीपालटी करून बघितली. "हिला काय झालं?"

"पुसली मी. आता या गाडीला एकही चावी माहीत नाही."

"अगं, पण चांगली चालत होती ना!"

"चांगली चालते म्हणूनच टाकली, बाबा. असंच करतात ना तुमच्याकडं?"

बापाच्या चेहऱ्यावरचं हसू आता कुठं गेलं. तो चेहरा बघायलाच तर ती इतकी वर्षं थांबली होती. तिनं तो डोळे भरून बघितला.

"ताई!" धाकटा धावत आला. "मी सांगितलं ना! तू म्हणालीस तसं सगळं सांगितलं ना मी! मग आता का असं?"

"तू सांगितलंस. तुझं माझं मिटलं," ती म्हणाली, आणि तिला नवल वाटलं, की ते खरंच मिटलं होतं. त्या घामेजलेल्या जाड्याकडं बघून तिला आता काहीच वाटत नव्हतं. "हे तुझ्यासाठी नाही."

सेक्रेटरी लगबगीनं आला. किती द्यायचे म्हणून विचारायला लागला. ती म्हणाली, "काम झालेलं नाही, पैसे कसले? दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. आणि त्याला म्हणावं, मालकाची नीट चौकशी कर." ती कोरी चावीही आता वाया गेली होती, एकदा एका गाडीला लागलेली चावी दुसऱ्या गाडीला चालत नाही. जाऊ दे. एवढी चैन तिनं उभ्या जन्मात कधी केली नव्हती.

तिनं हेल्मेट घातलं. मागं गाडीच्या उघड्या दारातून बाप ओरडला. त्याच्या आवाजात आता कुठं भीती होती. "पोरी, अगं थांब! मला आता वर कोण नेणार? लिफ्ट बंद आहे!"

"ज्याला वाचवलंत त्याला सांगा," असं म्हणून चावीबाईनं स्कूटर सुरू केली, आणि वॉचमननं तिच्यासाठी गेट पूर्ण उघडलं.